धान्यवाल्यांनो, पोर्ट आणि रेल्वेबद्दलची तक्रार नेमकी कुठे आणि कशी टाकायची

पनवेल-उरण पट्ट्यातून तांदूळ, डाळी, कडधान्य कंटेनरमध्ये भरून बाहेर पाठवणाऱ्यांच्या कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर डोकावा, तेच तेच चालू असतं. करळ फाट्याला ट्रेलर अडकला, कटऑफ (जहाजासाठी कंटेनर गेटच्या आत जायची शेवटची वेळ) गेला, जहाज पुढच्या आठवड्यावर ढकललं आणि वर ग्राउंड रेंट (कंटेनर पडून राहिल्याचं भाडं) पण लागलं, रेक (अख्खी मालगाडी) मिळत नाही, मिळाला तर सांगितलेल्या दिवशी लागत नाही. ओरड खोटी नसते हो. पण ती ग्रुपवरच राहते, आणि जो एखादा बाबा खरंच उठून पत्र लिहितो तो हे सगळं एकाच पत्रात कोंबून थेट दिल्लीला मंत्र्यांच्या नावाने पाठवतो, मग ते पत्र चार टेबलं फिरतं, "संबंधित विभागाकडे वर्ग" असा शेरा मिळतो आणि विषय संपला. धान्यात मार्जिन किलोमागे पैशांत असतं, त्यामुळे एक रोलओव्हर झाला, म्हणजे कंटेनर पुढच्या जहाजावर ढकलला गेला, तरी त्या कंटेनरचा नफा गेलाच समजा, आणि तरीही पोर्ट-रेल्वेच्या धोरणात धान्यवाल्याचं म्हणणं जवळपास कुठेच नोंदलेलं नसतं. कारण नोंदवायचं कुठे हेच माहीत नसतं. म्हणून हे लिहितोय.

आधी बंदर कोणाचं ते बघा

जेएनपीए, म्हणजे आपलं न्हावा शेवा, १९८९ पासून चालू आहे आणि ते केंद्राचं मेजर पोर्ट आहे. मुंबई पोर्ट पण केंद्राचंच. या दोघांना २०२१ चा मेजर पोर्ट ॲथॉरिटीज कायदा लागतो. दिघी, धरमतर, जयगड, विजयदुर्ग, रेडी ही सगळी बंदरं राज्याच्या महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाखाली येतात, चालवणारी कंपनी खाजगी असली तरी. म्हणजे जयगडच्या दराबद्दल दिल्लीच्या बंदर मंत्रालयाला लिहिलं तर तिथला बाबू सरळ हात वर करणार, आणि न्हावा शेव्याच्या गेटबद्दल मेरीटाइम बोर्डाला लिहून तर काहीच होणार नाही. डहाणूजवळचं वाढवण हे मिश्र प्रकरण, त्यात जेएनपीए ७४ टक्के आणि मेरीटाइम बोर्ड २६ टक्के. तिथे मच्छीमारांचा विरोध वेगळा आणि मोठा विषय आहे, त्यावर इथे लिहीत नाही, पण ७६,२०० कोटींचं बंदर आखलं जात असताना धान्याच्या कंटेनरला रेल्वे कशी मिळणार हे विचारायची वेळ आत्ताच आहे, बांधून झाल्यावर नाही.

आता बोर्डावर कोण बसतं ते समजून घ्या, कारण खरं दुखणं तिथेच आहे. १९६३ च्या जुन्या कायद्यात ट्रस्टी मंडळावर ज्यांचे प्रतिनिधी घ्यायचे त्यात जहाजमालकांबरोबर शिपर म्हणजे माल पाठवणारे हा वर्ग नावासकट होता. २०२१ च्या कायद्यात अध्यक्ष, उपाध्यक्ष, राज्य सरकारचा एक, रेल्वे मंत्रालयाचा एक, संरक्षणाचा एक, कस्टमचा एक, केंद्राने नेमलेला एक, दोन ते चार स्वतंत्र सदस्य आणि कामगारांचे दोन. शिपरचं नाव कुठेच नाही. आणि दर ठरवायचं काम आधी टॅम्पकडे, म्हणजे मेजर पोर्टांचे दर ठरवणाऱ्या केंद्राच्या प्राधिकरणाकडे होतं, टॅम्प प्रस्ताव युजर संघटनांना पाठवायचं, जॉइंट हिअरिंग घ्यायचं, कटकट असायची पण निदान बोलायला एक खोली होती. आता दरपत्रक बोर्ड स्वतः ठरवतं. माझं मत विचाराल तर वेग वाढला हे मान्य, पण छोट्या शिपरच्या हातातलं दार गेलं.

तरी दोन गोष्टी वापरता येतात. एक, कायद्याच्या कलम २७ प्रमाणे दर मागच्या तारखेपासून लावता येत नाही, त्यामुळे असं काही बिल आलं तर पत्रात कलमासकट लिहा. दोन, बोर्डावर रेल्वेचा माणूस बसतो, म्हणून बंदरातल्या साइडिंगचा किंवा कंटेनर ट्रेन उशिरा सुटण्याचा विषय असेल तर अध्यक्षांच्या पत्राची प्रत त्या सदस्याच्या नावाने पण टाका. फार थोडे लोक हे करतात.

हे आपल्याकडेच आहे असं पण नाही बरं का. कॅनडात पश्चिमेकडच्या धान्य वाहतुकीतून दोन मोठ्या रेल्वे कंपन्यांनी वर्षाला किती कमवायचं यावर २००० सालापासून कायद्याने मर्यादा आहे, दरवर्षी तपासतात. तरी तिथले धान्य शिपर बंदराच्या बोर्डावर आपलं कोणी नाही म्हणून भांडतच असतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये बंदर आणि रेल्वे दोन्हीचे कायदे एकदम बदलणारं सी-३३ विधेयक आलं तेव्हा त्यांच्या संघटनांनी विधेयकाच्या टप्प्यावरच हरकती मांडल्या. ते विधेयक पुढे जानेवारी २०२५ मध्ये अधिवेशन गुंडाळलं तेव्हा बारगळलं, तो भाग वेगळा. पण ते लोक कायदा व्हायच्या आधी बोलायला गेले, आपण बिल आल्यावर जातो.

रेल्वेची हद्द रोह्याला बदलते

पनवेल, न्हावा शेव्याची लाइन आणि रोह्यापर्यंतचा भाग मध्य रेल्वेच्या मुंबई डिव्हिजनचा. रोह्याच्या पुढे थेट मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत कोकण रेल्वे कॉर्पोरेशन, हे १९९० चं वेगळं महामंडळ, ऑफिस बेलापूरला, भागीदार केंद्र आणि चार राज्यं. रत्नागिरीच्या गुड्स शेडच्या गळक्या पत्र्याबद्दल सीएसएमटीला पत्र पाठवून उपयोग नाही, ते बेलापूरला जायला हवं. आणि पनवेलला रेक अडकला तर उलट.

कोकण रेल्वेत भाड्याचा हिशोब तपासताना आरआर, म्हणजे रेल्वेच्या मालपावतीवरचं आकारणीचं अंतर बघा. तिथे प्रत्यक्ष रुळाच्या अंतरापेक्षा जास्त अंतर धरून भाडं लावायची परवानगी आहे, बोगदे-पूल बांधायला आलेल्या खर्चामुळे. त्यामुळे नकाशावरचे किलोमीटर घेऊन "जास्त पैसे घेतले" अशी तक्रार केली की पहिल्याच उत्तरात फेटाळली जाते. धोरण म्हणून विरोध करायचा असेल तर जरूर करा, धान्यासारख्या कमी किमतीच्या मालाला हे जड जातं हा मुद्दा अगदी रास्त आहे, पण तो ओव्हरचार्जचा क्लेम नाही, धोरणाची मागणी आहे. दोन्हीचे अर्ज वेगळे.

रेक का मिळत नाही? रेल्वे वॅगन वाटते ती प्राधान्यक्रमाच्या आदेशाप्रमाणे. सैन्याचा माल सगळ्यात वर, मग सरकारी, म्हणजे एफसीआयचं (अन्न महामंडळाचं) रेशनचं धान्य वगैरे, आणि खाजगी व्यापाऱ्याचं तेच धान्य बरंच खाली. पोतं तेच, तांदूळ तोच, रांग वेगळी. रेशनला आधी द्या याला कोणाची ना नसावी, पण निर्यातीच्या धान्याला जहाजाची तारीख असते, ती त्या रांगेला कळत नाही. हा मुद्दा लेखी मांडायचा तर तुमच्या इंडेंटचा (वॅगनच्या मागणीचा) नंबर, तारीख, आणि प्रत्यक्ष वॅगन लागल्याची तारीख एवढं पाहिजेच. नुसतं "वॅगन मिळत नाहीत" हे वाक्य रोज शंभर लोक लिहितात.

अजून एक अडचण आकाराची. बीसीएनएचएल, म्हणजे पोत्यांसाठीच्या बंद वॅगनचा पूर्ण रेक ५८ वॅगनचा, पोती भरली तर साडेतीन-चार हजार टनांच्या घरात. ५० किलोच्या ५०० गोणी म्हणजे २५ टन, तो एक वीस फुटी कंटेनर झाला. आपल्यातल्या बहुतेकांचा माल महिन्याला थोडे कंटेनर एवढाच, मग रेक भरणार कसा? त्यामुळे एक तर चार-पाच जणांनी मिळून मिनी रेकची (कमी वॅगनच्या रेकची) मागणी टाका, किंवा कंटेनर ट्रेनने जा. कंटेनर ट्रेनमध्ये ४५ वॅगन, ९० वीस फुटी कंटेनर, आणि तिथे तुमचा व्यवहार ट्रेन चालवणाऱ्या कंपनीशी म्हणजे ऑपरेटरशी असतो, रेल्वेशी थेट नाही, म्हणजे उशिराची पहिली तक्रार ऑपरेटरकडे. जयगडच्या बाबतीत तर ही सगळी चर्चा पुस्तकी आहे, डिंगणीपासून बंदरापर्यंत ३४ किलोमीटरच्या लाइनची बोलणी वर्षानुवर्षं ऐकतोय, माल मात्र घाटातून आणि हायवेनेच.

बिल उघडा आणि प्रत्येक ओळीपुढे मालकाचं नाव लिहा

हे काम कंटाळवाणं आहे पण यातच निम्मी लढाई आहे. टर्मिनल हँडलिंग शिपिंग लाइन लावते. कंटेनर डिटेंशन, म्हणजे लाइनचा कंटेनर ठरलेल्या मुदतीपेक्षा जास्त ठेवल्याचा आकार, तोही लाइनचाच. सीएफएस, म्हणजे बंदराबाहेरचं कंटेनर गोदाम, तिथलं ग्राउंड रेंट सीएफएसचं. बंदराचं दरपत्रक वेगळं. रेल्वेचं डेमरेज म्हणजे वॅगन ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त अडवून ठेवल्याचा दंड, आणि व्हार्फेज म्हणजे माल शेडमध्ये पडून राहिल्याचा. लोक सगळ्यालाच डेमरेज म्हणतात आणि मग पत्रात पण तसंच लिहितात, समोरचा क्लार्क तिथेच खूश होतो कारण त्याला "आमच्याकडे असा आकार नाही" एवढंच लिहायचं असतं.

कस्टमने माल अडवून ठेवला असेल, जप्त किंवा डिटेन केला असेल, तर २००९ च्या कार्गो हाताळणीच्या नियमांप्रमाणे सीएफएसने त्या काळाचं भाडं किंवा डेमरेज लावायचं नाही. त्यासाठी कस्टमकडून डिटेन्शन सर्टिफिकेट मागून घ्या आणि सीएफएसला द्या. माझ्या ओळखीच्या एकाला एका सीएफएसने "शेठ, हे आमच्याकडे चालत नाही" असं तोंडी सांगून परत पाठवलं होतं, त्याने तेच वाक्य लेखी द्या म्हणून मेल टाकला, बिल तिसऱ्या दिवशी कमी झालं.

वेळेचे पुरावे, म्हणजे खरी फाईल

कंटेनरचा प्रवास तासागणिक लिहून ठेवा. फॅक्टरीतून ट्रेलर सुटल्याची वेळ, ट्रान्सपोर्टरकडून जीपीएसचा लॉग (गव्हाण फाटा, जासई, करळ इथे किती वेळ उभा होता ते त्यात स्पष्ट दिसतं), फॉर्म १३ (बंदरात शिरायचा कागद) निघाल्याची वेळ, गेट-इनची स्लिप, लेट एक्सपोर्ट ऑर्डरची, म्हणजे कस्टमने निर्यातीला परवानगी दिल्याची वेळ, लाइनचा कटऑफचा मेल आणि रोलओव्हर झाला तर तोही मेल. फोनवर सांगितलेलं धरू नका, सीएचएला (कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटला) सांगा की बाबा रे मेल करायला लाव. रेल्वेचं असेल तर इंडेंट, आरआर, वॅगन शेडला लागल्याची आणि सोडल्याची वेळ, शेडच्या जमिनीचे आणि छपराचे तारखेसकट फोटो.

या वेळा किती महत्त्वाच्या ते २० जुलै २०२३ ला कळलं. त्या दिवशी बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद झाली, रातोरात. सूट कोणाला मिळाली, तर ज्यांचं लोडिंग आधीच सुरू झालं होतं, किंवा शिपिंग बिल (कस्टमकडचा निर्यातीचा अर्ज) दाखल होऊन जहाज बंदरात आलेलं होतं, किंवा माल आदेशाच्या आधी कस्टमच्या ताब्यात जाऊन त्यांच्या सिस्टममध्ये नोंदला गेला होता. म्हणजे गेटच्या आतला तांदूळ गेला आणि बाहेर रांगेत उभा असलेला तांदूळ परत फिरला. बंदी सप्टेंबर २०२४ च्या शेवटी उठली. रस्त्यावरची कोंडी, उशिरा आलेली ट्रेन, बंद पडलेलं स्कॅनर हे इतर मालाला खर्च वाढवतं, धान्याला एखाद्या वेळी अख्खा सौदाच घालवतं, कारण धान्याचं निर्यात धोरण कधीही पालटतं. पोर्टला किंवा रेल्वेला पत्र लिहिताना हा मुद्दा सगळ्यात वर घ्या. गेट-इनची प्रत्येक स्लिप जपून ठेवा, माल सुखरूप गेला तरी.

पत्र कसं लिहायचं

एका पत्रात एकच विषय. एक पान. वरती "अत्यंत खेदाने कळवण्यात येते की" वगैरे नको, सरळ असं लिहा:

"आमचा तांदळाचा कंटेनर नं. अमुक, शिपिंग बिल नं. अमुक, दि. अमुक रोजी इतक्या वाजता करळ फाट्याला पोचला आणि टर्मिनलच्या गेटमध्ये इतक्या वाजता घेतला गेला. लाइनचा कटऑफ इतक्या वाजता होता. उशीर इतके तास. त्यामुळे कंटेनर पुढच्या जहाजावर गेला आणि अमुक रुपये जादा खर्च आला, बिलं सोबत आहेत. आमची मागणी: १. त्या दिवशीचा गेट बंद असल्याचा कालावधी लेखी कळवावा. २. बंदराकडून उशीर झाल्यास कटऑफ तेवढाच पुढे नेण्याची पद्धत लेखी जाहीर करावी."

बघा, दुसरी मागणी धोरणाची आहे, आणि ती पहिल्या मागणीच्या पुराव्यावर उभी आहे. नुसती धोरणाची मागणी हवेत जाते, नुसती पैशाची मागणी फेटाळली जाते. आणि शक्य असेल तर एकाच आठवड्यातल्या आठ-दहा शिपरच्या वेळा एका तक्त्यात घालून संघटनेच्या लेटरहेडवर द्या, मग अधिकाऱ्याला "तुमचाच ट्रेलर उशिरा निघाला असेल" म्हणता येत नाही. मेरीटाइम बोर्डाला मराठीत लिहा, बिनधास्त. रेल्वेला आणि जेएनपीएला इंग्रजी प्रत जोडली तर फाईल लवकर हलते, हे काय फार अभिमानाने सांगण्यासारखं नाही पण आहे असं आहे.

कुठे कुठे टाकायचं

कस्टमचा विषय, म्हणजे तपासणी, स्कॅनिंग, सील, तर न्हावा शेवा कस्टम हाऊसची परमनंट ट्रेड फॅसिलिटेशन कमिटी. तिथे संघटनांमार्फत मुद्दा अजेंड्यावर घालता येतो आणि बैठकीचे मिनिट्स वेबसाइटवर येतात, म्हणजे तुमचा मुद्दा पुढच्या बैठकीत कुठे गेला ते दिसतं. इतर कुठल्या मंचापेक्षा हा मला जास्त कामाचा वाटतो, कारण उत्तर छापून येतं.

रेल्वेसाठी डिव्हिजनच्या बिझनेस डेव्हलपमेंट युनिटला आधी गाठा. ही युनिटं २०२० पासून नवीन माल मिळवायलाच बसवलेली आहेत, त्यांना तुमची गरज असते, त्यामुळे मिनी रेक, शेडची वेळ, शेडचा रस्ता असले विषय तिथे बरे सुटतात. वापरकर्त्यांच्या सल्लागार समित्या आहेत, मध्य रेल्वेत डिव्हिजनची आणि झोनची, कोकण रेल्वेची स्वतःची. तिथे चर्चा बहुतेक वेळ गाड्यांच्या थांब्यांवर जाते, कोकणात काय होणार दुसरं, पण सदस्याला आधी भेटून मालवाहतुकीचा एक लेखी प्रश्न द्या, उत्तर लेखीच येतं.

अपेडाचं (शेतमाल निर्यातीच्या केंद्रीय संस्थेचं) रजिस्ट्रेशन असेल तर पत्राची प्रत त्यांना, ते वाणिज्य मंत्रालयाचे असल्यामुळे रेल्वे आणि बंदर दोघांनाही वरून विचारू शकतात. केंद्राच्या कुठल्याही खात्यासाठी सीपीग्राम्स हे ऑनलाइन तक्रार पोर्टल, तिथे सध्याची मुदत २१ दिवस. राज्यासाठी 'आपले सरकार' पोर्टल. नॉन-मेजर, म्हणजे राज्याखालच्या बंदरांसाठी आता अजून एक वाट आहे, १९०८ चा कायदा जाऊन २०२५ मध्ये नवीन इंडियन पोर्ट्स कायदा आला, त्यात राज्य पातळीवर वाद निवारण समितीची तरतूद आहे.

माहिती अधिकार विसरू नका, १० रुपये, ३० दिवस. पण "का केलं" असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. "अमुक महिन्यात अमुक शेडला खाजगी धान्यासाठी नोंदवलेले इंडेंट, तारीख आणि वॅगन पुरवल्याची तारीख यांच्या नोंदींची प्रत" असं मागा. नाही दिलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

आणि बंदर वाढवायचं असेल तेव्हा पर्यावरणाची जनसुनावणी होते, किमान ३० दिवस आधी नोटीस निघते. तिथे उठून फक्त रस्ता आणि रेल्वे किती माल झेपवणार, एवढंच विचारा. उत्तर इतिवृत्तात नोंदवायला लावा.

पावसाळा आणि गणपती

कोकण रेल्वे पावसात वेगळ्या वेळापत्रकावर चालते, वेग कमी, बराचसा मार्ग अजून एकेरी (रोहा ते वीर २०२१ मध्ये दुहेरी झाला), आणि गणपतीला जादा गाड्यांची गर्दी, मालगाडी साइडिंगला उभी. हायवेवर पण त्या दिवसांत अवजड गाड्यांना बंदी येते, दरवर्षीच्या आदेशात सवलत असलेल्या मालाची यादी असते ती वाचून तिची प्रिंट ड्रायव्हरच्या हातात द्या, नाहीतर पळस्प्याला उभा राहील. छप्पर, ताडपत्री, शेडमधलं पाणी याबद्दलची मागणी फेब्रुवारी-मार्चमध्ये करा. जूनमध्ये केलेल्या मागणीला "पावसाळ्यानंतर काम हाती घेऊ" हेच उत्तर मिळतं.

पैशाचा क्लेम आणि त्याच्या तारखा

पोती भिजून आली तर डिलिव्हरी घेऊन मोकळे होऊ नका. ओपन डिलिव्हरी, म्हणजे रेल्वेच्या माणसासमोर माल उघडून तपासून घेणं, मागा, रेल्वे कायद्याच्या कलम ८१ प्रमाणे खराब आलेल्या मालाला ती द्यावी लागते, आणि नुकसानीची नोंद तिथेच करून घ्या. आरआर वर "सेड टू कंटेन" (पाठवणाऱ्याने सांगितलं तेवढाच माल, रेल्वेने मोजलेला नाही) असेल तर किती पोती भरली होती हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं, म्हणून भरताना रेल्वेच्या माणसासमोर मोजणी करून घ्यायचा आग्रह धरा, हमाल कितीही घाई करोत.

नुकसानीची नोटीस कलम १०६ प्रमाणे माल रेल्वेच्या ताब्यात दिल्यापासून सहा महिन्यांत. जादा भाडं घेतलं असेल तर पैसे भरल्यापासून किंवा डिलिव्हरीपासून, जे नंतरचं असेल त्यापासून सहा महिने. त्यानंतर रेल्वे क्लेम्स ट्रिब्युनल. दरच अवास्तव आहे किंवा दुसऱ्याला झुकतं माप दिलं असं म्हणायचं असेल तर तेही रेल्वे क्लेम्स ट्रिब्युनलकडेच (आधीचं वेगळं रेल्वे रेट्स ट्रिब्युनल २०१७ मध्ये त्यात विलीन झालं), पण अशा तक्रारीत डेमरेज-व्हार्फेजचे दर आणि मालाचं वर्गीकरण हे विषय घेतच नाहीत, उगाच वकिलाची फी घालवू नका. डेमरेज माफ करून हवं असेल तर डिव्हिजनकडे वेव्हरचा अर्ज, त्याच आठवड्यात, कारण लिहून आणि फोटो जोडून, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर इनवर्डचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.